चार-एस आधी की तीन-डी

१२ जून

पारा,

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही. मला तुझ्याकडून एक परिच्छेद हवा आहे, बाकी काही नको. आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसणार नाही.

फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोनवर तू "बरं ताई, बघतो" म्हणतोस आणि तिथेच विषय मिटतो. कागद समोर पडून राहतो आणि डोळ्यांत खुपतो, म्हणून कागद.

बाबांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. जुने प्रकाशक वारले, आता त्यांची मुलगी सगळं बघते. कामाला वाघ आहे, पण रसायनशास्त्राशी तिचा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला. छपाईचे जुने खिळे केव्हाच वितळवले गेले, म्हणून तिने सगळं पुस्तक संगणकावर नव्याने जुळवून घेतलं, आणि शुद्धलेखन यंत्रच तपासतं म्हणून निर्धास्त राहिली. त्या यंत्राला "कक्षक" हा शब्द ठाऊक नाही. अणूमध्ये इलेक्ट्रॉन ज्या जागी असतो तिला कक्षक म्हणतात, हे त्याला कोण सांगणार? त्याला वाटलं, टाइप करणाऱ्याचा हात घसरला. त्याने पुस्तकभर "कक्षक"चं "शिक्षक" करून टाकलं.

बाबांचे डोळे गेल्या वर्षी पूर्ण गेले. तुला मी कळवलं होतं. त्यामुळे मुद्रितं मी मोठ्याने वाचते आणि ते ऐकून चुका सांगतात. तर परवा दुपारी मी नेहमीसारखी एका सुरात वाचत सुटले: "एस-शिक्षक गोलाकार असतो व त्याला विशिष्ट दिशा नसते." बाबा म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुढे "पी-शिक्षक तीन असून ते एकमेकांशी काटकोनात असतात" आलं, "एका शिक्षकात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात" आलं, आणि "अर्धे भरलेले शिक्षक अधिक स्थिर असतात" इथे मला चष्मा काढून ठेवावा लागला. बाबा इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, आमच्या शिक्षकांच्या खोलीचं इतकं अचूक वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं.

हे तुला गंमत म्हणून सांगत नाही. पाचव्या प्रकरणात आल्यावर हसू थांबलं, ते का थांबलं ते सांगायचं आहे.

पाचवं प्रकरण म्हणजे "इलेक्ट्रॉन पातळ्या कशा भरतात". तुला पाठ असेल, तुझं सगळं भांडण त्याच्याशीच आहे. बाबांचं वाक्य असं: "चार-एस ही पातळी तीन-डीच्या आधी भरते, कारण तिची ऊर्जा नेहमी कमी असते." तू त्यातल्या "नेहमी" या शब्दावर बोट ठेवलंस. ठेवलंस ते ठेवलंस, शिक्षकांच्या मासिकात ठेवलंस, आणि वर मथळा दिलास, "एका पिढीला चुकीचं शिकवणारं पुस्तक". कुणीतरी तो अंक शिक्षकांच्या खोलीत मुद्दाम टेबलावर उघडा ठेवला. बाबा घरी आले, बूट काढले, आत निघून गेले. त्यानंतर त्यांनी तुझं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. "मी पुस्तकावर लिहिलं, बाबांवर नाही," हे तुझं म्हणणं मी ऐकून ठेवलं आहे. पुस्तकावर नाव कोणाचं होतं, ते तूही वाचलं असशील.

आता परिस्थिती अशी. शाळांना पुस्तकं सुचवणारी जी समिती आहे तिने प्रकाशकांच्या मुलीला कळवलं की पाचव्या प्रकरणातलं ते विधान दुरुस्त करा, नाहीतर पुस्तक सुचवणार नाही. आधार म्हणून तुझाच लेख जोडला आहे. मुलगी घाबरली. ती म्हणते, दुरुस्ती होत नसेल तर पाचवं प्रकरण गाळूनच छापते. बाबा म्हणतात, पाचवं प्रकरण नसेल तर पुस्तकच नको, सगळी पानं रद्दीत घाल. आणि दुरुस्तीचं विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्यालाच सांग लिहायला. त्याला दिसली ना चूक."

हा टोमणा होता, मला कळतं. पण मी तो कामाला लावते आहे. एक परिच्छेद लिही. बाबांच्या भाषेत, पंधरा वर्षांच्या मुलाला कळेल असा. ऑगस्टच्या मध्याला छपाई आहे. एवढं कर.

ताई

३० जून

पारा,

तुझं जाडजूड पाकीट आलं. परिच्छेद मागितला होता, तू प्रबंध पाठवलास.

मी कपाळाला हात लावला आणि तरी बाबांसमोर वाचायला बसले. दुसऱ्याच पानावर समीकरणाला सुरुवात झाली. समीकरण मोठ्याने कसं वाचतात हे मला येतं, जन्म त्यातच गेला, पण हे असलं नाही. "साई चौकटीत तारांकित" असली ग्रीक अक्षरं म्हणता म्हणता माझी जीभ अडखळली. बाबांनी हात वर केला. विचारलं, हे कुणासाठी लिहिलंय त्याने? मी म्हटलं, मुलांसाठी. ते म्हणाले, "नाही. माझ्यासाठी लिहिलंय. मला दाखवायला."

मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

आणि वर ती चिठ्ठी: "ताई, सोपं करायला गेलं की खोटं होतं." हे वाक्य तू कुठल्या वर्गात शिकलास? मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, सोपं केल्याशिवाय एक तास गेला नाही. म्हणजे मी जन्मभर खोटं बोलत होते का? बाबांना ती चिठ्ठी मी वाचून दाखवायला नको होती, पण दाखवली, कारण मलाही राग आला होता. ते म्हणाले, खोटं आणि अपुरं यात फरक असतो, एवढं त्याला कळायला हवं होतं. मग स्वतःच म्हणाले, "विचार त्याला. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन कुठे असतो?"

तर विचारते आहे. उत्तर तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. चार-एसमध्ये असतो. तीन-डी रिकामी असताना तिला वगळून तो चार-एसमध्ये असतो. मग बाबांचं वाक्य कुठे चुकलं, असा त्यांचा सवाल आहे. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा लिहून घेतला आणि वाचून दाखवायला लावला, म्हणून कळवते आहे. मला यात रस नाही. मला परिच्छेद हवा आहे.

एक पान. समीकरण नको. "साई" तर नकोच.

ताई

११ जुलै

पारा,

या वेळी तुझं उत्तर लवकर आलं. आणि छोटं होतं. त्याबद्दल आभार मानले असते, पण परिच्छेद अजूनही त्यात नाही.

तू लिहितोस की पोटॅशियम आणि कॅल्शियमपुरतं बाबांचं वाक्य खरं आहे, पुढे स्कँडियमला आलं की ते उलटतं. तिथून तीन-डीची ऊर्जा कमी, चार-एसची जास्त. पुरावा म्हणून तू म्हणतोस, स्कँडियमच्या अणूतून तीन इलेक्ट्रॉन काढून घ्या, मग एकेक परत घाला. पहिला परत येणारा चार-एसमध्ये जात नाही, तीन-डीमध्ये जातो. हे तर्काने काढलेलं नाही, अणूतून निघणाऱ्या प्रकाशावरून मोजलेलं आहे.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही. मग म्हणाले, "तो भाग पुन्हा वाच, परत येणाऱ्याचा." मी वाचला. विचारलं, कुणी मोजलंय? मी म्हटलं, ते त्याने लिहिलेलं नाही. तर माझ्यावर चिडले, की तू विचारलं का नाहीस. मी काय तिकडे तुझ्यासमोर बसले होते का विचारायला?

संध्याकाळी पुन्हा तोच विषय. हात हवेत धरून बोटांनी मोजत होते. आधी एक, मग एक, मग एक. मला माहीत आहे ते काय करत होते. वर्गात ते कायम फळ्यावर मजले काढायचे आणि भाडेकरू एकेक करून आत सोडायचे. सगळ्यांत खालचा मजला आधी, मग वरचा. एकच घर, एकच जिना, हायड्रोजनपासून थेट लोखंडापर्यंत. आपण दोघंही त्याच घरावर शिकलो. मीही पुढे मुलींना तेच घर काढून दाखवलं, आणि ते घर त्यांना झटकन कळायचं. आता त्या घराच्या पायऱ्या मध्येच उलटसुलट झाल्या, असं तू सांगतोस, आणि का झाल्या ते सांगत नाहीस. आंधळ्या माणसाने मनातलं घर नव्याने कसं बांधायचं?

रात्रीच्या जेवणाला म्हणाले, समज त्याचं खरं आहे. मग मुलांना काय सांगायचं?

हेच मी तुला पहिल्या पत्रापासून विचारते आहे. आणि तू काय लिहितोस? "मुलांना काय सांगायचं हे माझं काम नाही, मी फक्त बरोबर काय ते सांगू शकतो." मग कोणाचं काम आहे? तू बरोबर सांगतोस आणि ते कुणाला कळत नाही. बाबा कळेल असं सांगतात आणि ते बरोबर नाही. दोघंही आपापल्या जागी ठाम आहात, आणि मध्ये मी टपालपेटीसारखी तोंड उघडं ठेवून उभी आहे.

सरळ सांगते, मी हात टेकले आहेत. प्रकाशकांच्या मुलीचा रोज फोन येतो. काल म्हणाली, मावशी, पाचवं प्रकरण गाळलं तर कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. मी तिला म्हटलं, बाई गं, घराचा मधला मजला काढून टाकला तर वरच्याच्या लक्षात येतं. तिला ते कळलं नाही, गप्प मात्र बसली.

तुमच्या दोघांच्या भांडणाचं मला काही एक पडलेलं नाही असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही, पण सध्या तेच धरून चाल.

ताई

१५ जुलै

पारा,

काल बाबांनी मला प्रकाशकांच्या मुलीला फोन लावून द्यायला सांगितलं आणि स्वतः तिला कळवलं की पुस्तक मागे घेतो आहे. कारण दिलं नाही. मी खोलीत होते, मला विचारलंही नाही.

तिने मला उलट फोन केला तेव्हा ती रडत होती. तिच्या वडिलांनी छापलेलं हे पहिलं पुस्तक होतं. मी तिला म्हटलं, कागद मागवलेला परत करू नकोस, मी बघते.

काय बघते ते मला माहीत नाही. तू काही लिहू नकोस आता.

ताई

२४ जुलै

पारा,

मी परिच्छेद लिहिला.

कसा लिहिला ते सांगते, म्हणजे मध्येच "पण ताई" म्हणणार नाहीस. तुझा लेख पुन्हा काढून वाचला. या वेळी मथळ्यावरून पुढे गेले. तुझं ते जाडजूड पाकीटही वाचलं, जिथे समीकरण आलं तिथे वगळून, दोन समीकरणांच्या मधली वाक्यं. ती वाक्यं चांगली आहेत, पारा. तू ती समीकरणांच्या मध्ये का कोंबतोस कोण जाणे.

आणि मग मला वर्गातली एक मुलगी आठवली. शेवटच्या बाकावर बसायची, नाकावर राग, वही कधी पूर्ण नाही. मी लोखंडाचा आयन शिकवत होते, की चार-एसमधले इलेक्ट्रॉन आधी निघून जातात. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आधी आला तो आधी जाणार, हे बसच्या रांगेत ठीक आहे. अणूत रांग कुठे असते?" सगळा वर्ग हसला. मी तिला "खाली बस" म्हटलं. प्रश्न मात्र बरोबर होता. अणूत रांग नसते. लोखंडाचा अणू कॅल्शियमच्या अणूत माणसं वाढवून बनलेला नसतो. तो वेगळा अणू आहे, त्याचं केंद्रक वेगळं आहे. आपण तिघंही इतकी वर्षं इलेक्ट्रॉन मोजत बसलो आणि प्रत्येक मूलद्रव्यागणिक आत एक प्रोटॉनही वाढतो, त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. तू बघितलं होतंस, पण ते तिसऱ्या समीकरणाच्या मागे लपवलं होतंस.

तर हा परिच्छेद:

"पोटॅशियम व कॅल्शियम यांच्या अणूंमध्ये चार-एसची ऊर्जा तीन-डीपेक्षा कमी असते, म्हणून त्यांचे शेवटचे इलेक्ट्रॉन चार-एसमध्ये असतात. परंतु एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना केवळ एक इलेक्ट्रॉन वाढत नाही, केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो. त्याच्या ओढीने सर्वच पातळ्या खाली सरकतात, पण सारख्या सरकत नाहीत. स्कँडियमपासून पुढे तीन-डी ही चार-एसच्या खाली गेलेली असते. तरीही सर्व इलेक्ट्रॉन तीन-डीमध्ये जात नाहीत. तीन-डीची जागा केंद्रकाजवळची आणि दाटीची आहे. तिथे ते एकमेकांना अधिक जोराने ढकलतात. साधारणपणे दोन इलेक्ट्रॉन बाहेर चार-एसमध्ये राहिले, तर अणूची एकूण ऊर्जा कमी राहते. क्रोमियम व तांबे यांमध्ये एकच राहतो. अणूतून इलेक्ट्रॉन काढताना हे बाहेरचेच आधी निघतात. म्हणून वर दिलेला क्रम हा इलेक्ट्रॉनांचे संरूपण, म्हणजे मांडणी, लिहिण्याची सोय आहे. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू हे वेगळे घर आहे, आणि प्रत्येक घरात मजल्यांची उंची वेगळी आहे."

काल दुपारी मी मुद्रितं घेऊन बाबांसमोर बसले. ते म्हणाले, कशाला वाचतेस, पुस्तक निघत नाही. मी म्हटलं, निघत नसेल तर ऐकायला काय हरकत आहे? आणि पाचवं प्रकरण सुरुवातीपासून वाचलं. तुला सांगते, मी वर्गात कधी घाबरले नाही, तपासनीस मागे येऊन बसले तरी नाही. काल त्या परिच्छेदाशी आले आणि माझा आवाज बदलला. तो मला स्वतःला ऐकू आला. बाबांनाही आला असणार. आता त्यांचं सगळं लक्ष कानांतच असतं.

वाचून झालं. ते म्हणाले, "पुन्हा." पुन्हा वाचलं. "प्रोटॉनचं वाक्य." ते एकटं वाचलं. बोटं हवेत गेली, आणि या वेळी मोजत नव्हती. तळहात आडवा धरून त्यांनी तो हळूहळू खाली आणला, मग दुसरा तळहात त्याच्याखाली. एक घर मोडून दुसरं बांधत होते.

शेवटी विचारलं, "हे त्याने लिहिलं?"

मी म्हटलं, नाही.

"मग कोणी?"

मी म्हटलं, मी.

त्यावर काय बोलले माहीत आहे? म्हणाले, "'ओढीने' काढ. 'आकर्षणामुळे' कर. ओढ हा शास्त्रातला शब्द नाही."

मी काढणार नाही म्हणून सांगितलं. म्हटलं, आकर्षण मुलं पाठ करतात, ओढ त्यांना कळते. तुमचाच नियम आहे हा. त्यावर वाद झाला. चांगला दणदणीत झाला, शेजारच्या बाईंनी खिडकीतून डोकावून विचारलं, सगळं ठीक आहे ना? कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी असे भांडले. नाहीतर मी औषध दिलं की घेतात आणि वाढलं की जेवतात. शेवटी म्हणाले, राहू दे. आणि थोड्या वेळाने, छापखान्याला कळव.

"नेहमी" हा शब्द मी काढला आहे. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

तुझं काम आता एवढंच: यात शास्त्राची चूक असेल तर सांग. शैलीबद्दल मत मागितलेलं नाही.

ताई

९ ऑगस्ट

पारा,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. "बरोबर आहे. काटेकोरपणे पाहता आणखी पुष्कळ सांगता येईल, पण यातला एकही शब्द बदलू नका. हे लिहिलं कोणी?"

तुम्ही बापलेक कमाल आहात. दोन टोकांना बसता, एकमेकांचं तोंड बघत नाही, आणि प्रश्न मात्र तोच. अरे, पत्राची पहिलीच ओळ होती, "मी परिच्छेद लिहिला". ती वाचून तुला वाटलं काय, मी कुणाकडून तरी उतरवून घेतला? ज्या विषयाची पदवी तुझ्याकडे आहे त्याच विषयाची माझ्याकडेही आहे. तू पुढे शिकलास, मी शिकवलं. पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्यांची मुद्रितं मी तपासली. परिच्छेद हवा म्हणून मी तुझ्या मागे लागले, बाबा तुला टोमणे मारत बसले, प्रकाशकांची मुलगी रडत बसली, आणि आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही की तो घरातच मिळेल. मलाही नाही. याचा राग मला तुमच्यापेक्षा माझाच जास्त आला आहे, पण तो काढायला माणूस नाही, म्हणून तुझ्यावर काढते.

आता कामाचं. प्रकाशकांच्या मुलीने प्रस्तावनेत घालायला एक ओळ पाठवली: "पाचव्या प्रकरणाच्या दुरुस्तीसाठी लेखकाच्या कन्येचे साहाय्य झाले." मी तिला फोन करून म्हटलं, साहाय्य म्हणजे पाण्याचा पेला नेऊन देणं. लेखन असं लिही, आणि कन्येला नाव आहे ते लिही. ती म्हणाली, हो मावशी, लगेच. बाबा शेजारीच बसले होते, सगळं ऐकत होते. मला वाटलं काहीतरी बोलतील. बोलले. म्हणाले, "आणि चूक कुणी दाखवली, ते नको का घालायला?"

मी विचारलं, कुणी दाखवली? मला माहीत होतं. पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मी काही साधीसरळ बाई नाही.

त्यांनी तुझं नाव घेतलं. घरातलं नाही. वर्गात हजेरी घ्यायचे तसं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, त्याच खणखणीत आवाजात. म्हणजे स्वतःचंही नाव आलंच मध्ये. मग थांबले. हजेरी घेतल्यावर समोरून उत्तर येईपर्यंत थांबतात ना, तसे.

उत्तर द्यायला मी तिथे होते, पण ते माझं नव्हतं.

तुझं नाव छापायचं तर तुझी परवानगी लागेल. ती मी मागणार नाही. बाबांना मी स्पष्ट सांगितलं की तुमचे निरोप न्यायचं काम मी आजपासून सोडलं, विचारायचं तर स्वतः विचारा. तुलाही तेच सांगते. क्रोमियमबद्दल त्यांना काही शंका आहे. ती काय आहे ते मी विचारलं नाही आणि कळवणारही नाही. हे माझं या विषयावरचं शेवटचं पत्र. पुढच्या पत्रात मी तुझ्या मुलांची चौकशी करीन आणि माझ्या गुडघ्याबद्दल लिहीन, जसं इतर बहिणी लिहितात.

छपाई पुढच्या गुरुवारी आहे.

ते आपणहून फोन करतील असं मला वाटत नाही. करण्याइतके ते बदललेले नाहीत. पण कालपासून त्यांनी खिडकीतली खुर्ची उचलून जेवणाच्या खोलीत आणायला लावली आहे, फोनच्या टेबलाला लागून. सकाळचा चहा तिथे, दुपारचं जेवण तिथे. आज मी विचारलं, इथे का बसता, आतल्या खोलीत वारा येतो. तर म्हणाले, इथे उजेड बरा आहे.

पारा, त्यांना दिवा लावला काय आणि विझवला काय, सारखंच आहे. मी "हो" म्हटलं आणि पडदा सरकवून दिला.

ताई